सेवेत गेलेले कान आणि पेन्शनचा हक्क

पनवेलमध्ये, किंबहुना सगळ्या रायगड जिल्ह्यात, माजी सैनिकांची घरं पुष्कळ आहेत. महाड तालुक्यातलं फौजी आंबवडे तर नावातच फौज घेऊन आहे. या घरांतून आम्हाला एक वाक्य हमखास ऐकू येतं : "बाबा टीव्ही फार मोठ्यानं लावतात." वय झालं म्हणून घरचे विषय सोडून देतात. आज आपण त्याच विषयावर बोलू.

आतल्या कानात ध्वनी टिपणाऱ्या बारीक केसपेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. कारखान्यात आठ तासांसाठी 90 डेसिबल ही मर्यादा धरतात. तोफेचा बार 140 च्याही वर जातो. जहाजाच्या इंजिनरूममध्ये आवाज तेवढा नसतो, पण तो तासन् तास चालू राहतो. अशा आवाजानं आधी उंच स्वर जातात. श्रवणचाचणीच्या आलेखात साधारण 4000 हर्ट्झजवळ खड्डा दिसतो. माणसाला बोलणं ऐकू येतं, पण शब्द कळत नाहीत. शिवाय कानात सतत गुणगुण असते.

आता पेन्शनचं बघू. निवृत्तीच्या वेळी वैद्यकीय मंडळ दोन गोष्टी ठरवतं. पहिली, दोष सेवेमुळे झाला किंवा सेवेमुळे वाढला का? दुसरी, तो किती टक्के आहे? नेहमीच्या निवृत्तीत पहिल्याचं उत्तर "हो" आणि टक्के किमान 20, अशी दोन्ही उत्तरं लागतात. बरेच दावे पहिल्याच प्रश्नावर अडतात. कागदावर "सेवेशी संबंध नाही" एवढंच लिहिलेलं असतं, आणि घरी जायच्या घाईत जवान सही करून मोकळा होतो.

इथे सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा धर्मवीर सिंग निकाल कामी येतो. भरतीच्या वेळी दोषाची नोंद नसेल, तर माणूस धडधाकट होता असं गृहीत धरायचं. दोष सेवेमुळे नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. मंडळानं कारणंही लिहून द्यायला हवीत.

दुसरा निकाल 2014 चा, राम अवतार प्रकरणातला. अपंगत्व 50 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ते 50 धरायचं, हा फायदा मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाला. हिशेब करून बघू. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के रक्कम मिळते. वेतन 40,000 असेल तर 20 टक्क्यांना महिना 2,400 रुपये, 50 धरले तर 6,000. मात्र सप्टेंबर 2023 मध्ये नवे नियम आले. त्यानंतर निवृत्त झालेल्यांनी आपला हिशेब त्या नियमांनीच तपासावा.

मग करायचं काय? आधी वैद्यकीय मंडळाच्या अहवालाची प्रत मिळवा. तोफखान्याचे जवान नाशिक रोडच्या अभिलेख कार्यालयाला लिहू शकतात. नौदलाच्या खलाशांचं कार्यालय तर खाडीपलीकडे मानखुर्दलाच आहे. प्रत मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. भरतीच्या वेळची श्रवणनोंद, सेवेतल्या चाचण्या, कुठल्या तुकडीत काय काम केलं, हे सगळं तारखांसह जुळवा. फक्त आजचा आलेख पुरत नाही, कारण साठीनंतर वयानंही कान जातात.

दावा नाकारला असेल तर पहिलं अपील, मग दुसरं, आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ. अपिलाला सहा महिने उत्तर आलं नाही, तरी न्यायाधिकरणाचं दार उघडतं. उशीर झाला म्हणून हातपाय गाळू नका. पण 2008 च्या तरसेम सिंग निकालानुसार थकबाकी साधारणपणे अर्ज करण्याआधीच्या तीनच वर्षांची मिळते. म्हणजे जितकं थांबाल तितके पैसे बुडतात.

कागद समजत नसतील तर अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. सोबत घरातलं कुणीतरी न्या. तिथं सांगितलेलं नीट ऐकू आलं पाहिजे, आणि लिहूनही घेतलं पाहिजे.