दोन वेढे आणि बारा जहाजं

मुलांनो, सनावळ्या पाठ करताना एक गंमत होते. एक सन आणि त्याच्यापुढे एक घटना. 'इ. स. १३४७ : बहमनी राज्याची स्थापना.' संपलं! जणू त्या वर्षी बाकीच्या जगात कुणी काही केलंच नाही. माझ्या वर्गातली मुलं मात्र विचारतात, "बाई, तेव्हा दुसरीकडचे लोक काय करत होते?" प्रश्न अगदी रास्त आहे. तर आज हे एकच वर्ष घेऊ आणि नकाशावर जरा फिरून येऊ.

सुरुवात आपल्या दौलताबादपासून. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला जाताना हा किल्ला लागतो. तुमच्यापैकी पुष्कळांनी सहलीत तो पाहिला असेल. यादवांची ही देवगिरी. १३२७ साली दिल्लीच्या महंमद तुघलकानं तिला दौलताबाद हे नाव दिलं आणि राजधानी इथे आणली. पुढे ती परत दिल्लीला गेली, तेही तुम्हाला ठाऊक आहे. पण दक्षिणेत त्याचे सरदार राहिले. त्यांना 'सदा अमीर' म्हणत, म्हणजे शंभराचे सरदार. माळव्यात सुलतानाच्या एका अधिकाऱ्यानं अशाच कितीतरी अमिरांना ठार केलं. थोड्याच दिवसांत दौलताबादच्या अमिरांना सुलतानाचं बोलावणं आलं. ते निघाले खरे, पण वाटेत त्यांच्या मनात पाल चुकचुकली. आपलंही तसंच झालं तर? ते अर्ध्या वाटेतून माघारी फिरले, त्यांनी किल्ला ताब्यात घेतला आणि इस्माईल मुख नावाच्या वयस्कर सरदाराला राजा केलं.

मग काय, तुघलक स्वतः फौज घेऊन आला. मैदानातली लढाई त्यानं जिंकली आणि किल्ल्याला वेढा घातला. दौलताबाद लढून घेणं म्हणजे खायचं काम नाही. भोवती खंदक, खडक तासून सरळ केलेला आणि वर जायला अंधारी भुयारी वाट! त्यातच गुजरातेत तागी नावाच्या माणसानं बंड केलं. सुलतान वेढा सरदारांवर सोपवून तिकडे धावला. त्याच्या राज्यात एक भोक बुजवावं तर दुसरीकडे पडायचं. इकडे हसन ऊर्फ जाफरखान या बंडखोर सरदारानं बीदरजवळ दिल्लीच्या सेनापतीला गाठून त्याचा पराभव केला आणि वेढा उठला. इस्माईल मुखनं आपणहून गादी सोडली. राजेपद असं सोडणारा माणूस इतिहासात विरळाच! ३ ऑगस्ट १३४७ रोजी हसन 'अलाउद्दीन बहमनशाह' या नावानं दौलताबादला गादीवर बसला. त्यानं राजधानी गुलबर्ग्याला, म्हणजे आजच्या कलबुर्गीला नेली. पुढे या राज्याचे पाच तुकडे झाले. त्यातल्याच निजामशाहीत आणि आदिलशाहीत शहाजीराजांनी चाकरी केली. म्हणजे शिवरायांच्या गोष्टीचा धागा इथपर्यंत मागे येतो.

आता ३ ऑगस्ट ही तारीख धरून ठेवा आणि थेट फ्रान्सच्या उत्तर टोकाला चला. तिथे समुद्रकाठी कॅले नावाचं बंदर आहे. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याचा या बंदराला अकरा महिने वेढा पडलेला होता. गावातलं धान्य संपलं. लोकांनी घोडे, कुत्री, मांजरंसुद्धा खाल्ली. फ्रान्सचा राजा मोठी फौज घेऊन आला, त्यानं लांबून पाहिलं आणि तो परत गेला! अखेर कॅले शरण आलं. कधी? ३ ऑगस्ट १३४७. इकडे एक वेढा उठल्यावर नवा राजा गादीवर बसत होता, तिकडे दुसऱ्या वेढ्यातलं गाव किल्ल्या हवाली करत होतं. आणि एकाची वार्ता दुसऱ्याच्या कानी पोचण्याची काही सोयच नव्हती.

फ्रॉइसार नावाच्या लेखकानं कॅलेची गोष्ट लिहून ठेवली आहे. एडवर्डनं अट घातली : सहा प्रमुख नागरिकांनी अनवाणी, गळ्यात दोर घालून यायचं, मग गावाला अभय. सर्वांत श्रीमंत युस्ताश पहिला पुढे झाला, मागून आणखी पाच. राजा त्यांची डोकी उडवायला निघाला होता, पण राणी फिलिपानं गुडघे टेकून विनवणी केली आणि ते वाचले. फ्रॉइसार तेव्हा अगदी लहान होता आणि पुढे ऐकून-वाचून त्यानं हे लिहिलं, म्हणून थोडा रंग चढला असेलही. पण कॅले पुढे २११ वर्षं इंग्रजांकडे राहिलं, हे पक्कं.

त्या वर्षीच्या माणसांना विचारलं असतं, तर त्यांनी हेच वेढे आणि हेच राजे सांगितले असते. खरी मोठी घटना मात्र तुतारी न वाजवता आली. ती जहाजातून आली.

काळ्या समुद्राच्या काठी क्रिमियात काफा हे जिनोआच्या व्यापाऱ्यांचं बंदर होतं. १३४६ साली मंगोल फौजेनं त्याला वेढा घातला असताना फौजेतच एक रोग पसरला. मंगोलांनी मेलेली माणसं गोफणयंत्रानं गावात फेकली, अशी गोष्ट सांगतात. पण ती लिहिणारा स्वतः तिथे नव्हता. काही इतिहासकारांना आता वाटतं, की तिकडून इटलीला धान्य नेणाऱ्या जहाजांनीच घात केला. धान्य तिथे उंदीर, आणि उंदीर तिथे पिसवा! १३४७ मध्येच रोग कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला आला. तिथल्या सम्राटाचा धाकटा मुलगा अँड्रोनिकस त्यात गेला. तो तेरा वर्षांचा होता. ऑक्टोबरमध्ये जिनोआची बारा जहाजं सिसिली बेटावर मेसिनाला लागली. लोकांना काखेत, जांघेत गाठी आल्या, ताप चढला आणि दोन-चार दिवसांत माणसं जाऊ लागली. गावकऱ्यांनी जहाजं हाकलून दिली, पण रोग उतरून गेला होता. पुढच्या चार-पाच वर्षांत युरोपातली निदान एक तृतीयांश माणसं मेली. काहींच्या मते तर निम्मी. वीस जणांच्या घरातले सहा-सात किंवा दहा जण, असा हिशेब करून पाहा.

कॅले जिंकणाऱ्या एडवर्डला पुढच्याच वर्षी हा रोग घरात भेटला. त्याची मुलगी जोन लग्नासाठी स्पेनकडे निघाली होती. वाटेत बोर्दोला ती प्लेगनं गेली. वय चौदा-पंधरा.

महंमद तुघलकाच्या पदरी काझी म्हणून राहिलेला इब्न बतूता आठवतो ना? आपल्या प्रवासवर्णनात त्यानं दौलताबादच्या तुरुंगातल्या मांजराहूनही मोठ्या उंदरांबद्दल लिहिलं आहे. १३४७ साली तो कालिकतहून जहाजानं अरबस्तानला पोचला आणि घराकडे निघाला. १३४८ मध्ये दमास्कसला त्यानं पाहिलं, की मुसलमान, ख्रिस्ती, यहुदी सारे आपापले ग्रंथ घेऊन एकत्र रस्त्यावर प्रार्थना करत आहेत. पुढल्या वर्षी तो मोरोक्कोला पोचला, तेव्हा त्याची आई याच रोगानं गेल्याचं त्याला कळलं.

लोक कारण शोधत होते. कुणी म्हणे ग्रहांचा दोष, कुणी म्हणे खराब हवा. युरोपात कितीतरी गावांत 'यहुद्यांनी विहिरीत विष टाकलं' असा आळ घेऊन निरपराध माणसांना जाळलं. उंदराकडे मात्र कुणी बोट दाखवलं नाही. एक गोष्ट तेवढी अनुभवानं सुचली. १३७७ साली डुब्रॉव्हनिक बंदरानं नियम केला : रोगाच्या मुलखातून येणाऱ्यांनी तीस दिवस वेगळं राहायचं. पुढे इतरत्र त्याचे चाळीस दिवस झाले. इटालियनमध्ये चाळीसला 'क्वारांता' म्हणतात, म्हणून 'क्वारंटाइन'. २०२० साली हा शब्द आपल्या घराघरांत आला.

रोगाचा जंतू सापडला थेट १८९४ मध्ये, हाँगकाँगला येर्सिन या शास्त्रज्ञाला. दोनच वर्षांत प्लेग मुंबईत आला. पुढे पुण्यात रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी याच रोगानं गेल्या. त्याच वर्षी जानेवारीत वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली होती. परळला त्यांच्या नावाची संस्था आहे. ती ज्या इमारतीत आहे, ती पूर्वी मुंबईच्या गव्हर्नरसाहेबांचं निवासस्थान होती.