सिलिकॉनची कसोटी

जिनीव्हाजवळ जमिनीखाली २७ किलोमीटर घेराचे एक वर्तुळ आहे. ‘सर्न’ या संस्थेच्या या यंत्रात २००८ साली प्रथम प्रोटॉन फिरले, आणि २०१२ साली हिग्ज कण सापडल्याची वार्ता येथूनच आली. त्या कणाविषयी पुष्कळ बोलले गेले आहे. आम्हाला बोलायचे आहे ते प्रोटॉनांच्या टकरीपासून अवघ्या काही सेंटीमीटरांवर वर्षानुवर्षे उभ्या असणाऱ्या सिलिकॉनच्या पातळ पट्ट्यांविषयी.

अशी पट्टी करते तरी काय? तिची जाडी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी असली, तर आरपार जाणारा वेगवान कण तिच्यात सुमारे २२ हजार इलेक्ट्रॉन मोकळे करतो. विजेचा दाब त्यांना एका अंगावरील बारीक रेघांकडे ओढतो, आणि कोणती रेघ जागी झाली यावरून कणाची वाट कळते. पण एखादा कण जाता जाता सिलिकॉनचा अणूच जागेवरून उडवतो. असे खळगे साचत गेले की कोणीही न बोलावता वीज गळू लागते, पट्टीला अधिकाधिक दाब द्यावा लागतो, आणि मोकळे झालेले इलेक्ट्रॉन वाटेतच अडकतात. बावीस हजारांऐवजी काही हजारच हाती येतात. शिवाय ही पट्टी अशा जागी बसवलेली असते की बिघडली म्हणून कोणी हात घालून बदलू शकत नाही. म्हणून तिची परीक्षा आधीच, आणि निष्ठुरपणे, घ्यावी लागते.

२०३० च्या सुमारास हे यंत्र कितीतरी अधिक टकरी घडवू लागेल अशी योजना आहे. तेव्हा सर्वांत आतल्या थराला दर चौरस सेंटीमीटरमागे एकावर १६ शून्ये, किंबहुना त्याहूनही अधिक, न्यूट्रॉनांच्या तोडीचा मारा सोसावा लागेल. येथे ‘तोडीचा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रोटॉन, पायॉन, न्यूट्रॉन यांची इजा निरनिराळी. ती एका ठरावीक न्यूट्रॉनाच्या इजेच्या हिशेबात मांडतात. गिरणीत निरनिराळ्या नंबरांच्या सुताचे काम एका दराला आणताना काय होते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना अशा एकाच मापाचा संशय आल्यावाचून राहणार नाही. तो संशय येथेही खरा ठरला. १९९६ पासून ‘रोझ’ नावाच्या गटाने सिलिकॉनमध्ये मुद्दाम ऑक्सिजन मुरवून पाहिला. प्रोटॉनांच्या माऱ्यात अशा पट्टीला लागणारा दाब पुष्कळ कमी वाढला. न्यूट्रॉनांपुढे मात्र तो ऑक्सिजन फारसा उपयोगी पडला नाही. कागदावर इजा सारखी, प्रत्यक्षात वेगळी! तेव्हा एकाच माऱ्याच्या निकालावर विसंबून चालत नाही. प्रोटॉनांसाठी सर्नचाच झोत वापरतात. न्यूट्रॉनांसाठी नमुने स्लोव्हेनियातील ल्युब्लियानाच्या अणुभट्टीत धाडतात. १९६६ पासून चालणाऱ्या या लहानशा भट्टीत वर्षांचा मारा काही तासांत देता येतो.

माऱ्यानंतर नमुना स्वतःच किरणोत्सारी झालेला असतो. तो हाताळणाऱ्या माणसांसाठी वाट पाहावी लागते, मोजमाप ठेवावे लागते. पट्टीची सहनशक्ती पाहायची आहे, माणसाची नव्हे, हे तेथे कोणी विसरत नाही, आणि विसरूही नये.

पुढची गोष्ट आम्हाला सर्वांत नवलाची वाटते. घायाळ पट्टीला ऊब दिली तर आरंभी ती सुधारते. पण ऊब लांबली की तिला लागणारा दाब पुन्हा चढू लागतो आणि ती पूर्वीपेक्षाही वाईट होते. म्हणून नमुने शीतपेटीत ठेवतात, आणि मोजण्यापूर्वी बहुधा ६० अंशांवर ८० मिनिटे, असा नेमका शेक देतात. मापनही शून्याखालच्या थंडीत करतात, कारण सुमारे सात अंश उष्णता वाढली की गळती दुप्पट होते. प्रत्यक्ष यंत्रातही म्हणूनच, काम बंद असतानासुद्धा, या पट्ट्या शक्यतो थंडच ठेवतात.

नव्या पट्ट्यांत आणखी एक फेर केला आहे. पूर्वी रेघांकडे इलेक्ट्रॉनांच्या मागे उरणाऱ्या रिकाम्या जागांचा प्रवाह गोळा करीत. आता इलेक्ट्रॉनच गोळा करतात. ते सुमारे तिप्पट चपळ असल्याने खळग्यांत कमी अडकतात.

अखेरीस घायाळ पट्टी धडधाकट पट्ट्यांच्या रांगेत मधोमध उभी करून त्या सर्वांतून कणांचा झोत सोडतात. शेजारणींनी पाहिलेल्या शंभर कणांपैकी हिने किती पाहिले, ते मोजतात. ‘अ‍ॅटलास’ प्रयोगाच्या नव्या आतील थरासाठी, सारा मारा खाऊन झाल्यावरही, निदान ९७ पाहिले पाहिजेत अशी अट आहे.