योगायोग की संबंध? विचारा ‘काय’ला!

समजा, भोरजवळच्या उत्रोली गावातल्या शाळेत ऐन पावसाळ्यात मुलांची पोटं बिघडू लागली. एक मुलगी म्हणाली, “जी मुलं पाणी उकळून पितात ना, ती फारशी आजारी पडत नाहीत.” लगेच दुसरा म्हणाला, “हॅट्! तो नुसता योगायोग!” आता कुणाचं खरं? हे भांडून नाही, मोजून ठरवायचं!

अशाच एका प्रश्नावर एकदा माणसांचे प्राण अवलंबून होते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. ओडेसा शहरात जन्मलेले शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःलाच टोचून घेतली. पण ती खरोखर उपयोगी आहे का?

१८९८ च्या फेब्रुवारीत सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानातल्या उंढेरा गावी प्लेग होता. तिथे घरोघरी साधारण निम्म्या माणसांना लस टोचली, निम्म्यांना नाही. घर तेच, उंदीर तेच, जेवणही तेच. फरक फक्त लशीचा! (आज असा प्रयोग करायचा, तर आधी प्रत्येकाची संमती घ्यावी लागते, बरं का.) नंतर २८ कुटुंबांत प्लेग शिरला. त्यांतला हिशेब असा :

लस न घेतलेले ६४ : दगावले २६, वाचले ३८.
लस घेतलेले ७१ : दगावले ३, वाचले ६८.

फरक तर डोळ्यांना दिसतोच. पण शंकेखोर विचारणारच, “योगायोग कशावरून नाही?” याचं उत्तर देणारी रीत कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली लंडनमध्ये मांडली. तिचं नाव काय? ‘काय’च! ‘काय’ हे एक ग्रीक अक्षर आहे, म्हणून ही ‘काय-वर्ग कसोटी’.

चला, पेन्सिल घ्या. आधी मानायचं, की लशीचा काहीच संबंध नाही. एकूण माणसं १३५, दगावली २९. संबंध नसेल, तर दोन्ही गटांत मृत्यू सारख्याच प्रमाणात व्हायला हवेत. म्हणजे लस न घेतलेल्यांत ६४ गुणिले २९ भागिले १३५, सुमारे १४. लस घेतलेल्यांत सुमारे १५. तसेच वाचलेले अनुक्रमे ५० आणि ५६. या झाल्या ‘अपेक्षित’ संख्या.

आता खरी संख्या आणि अपेक्षित संख्या यांतला फरक काढा. चारही ठिकाणी तो १२ येतो. त्याचा वर्ग १४४. त्याला त्या त्या अपेक्षित संख्येने भागा : १०.३, ९.६, २.९ आणि २.६. बेरीज झाली २५.४. (दशांश न सोडता केलं, तर २६.४ येते.)

अशा दोन गुणिले दोनच्या तक्त्यासाठी मर्यादा आहे ३.८४. संबंध नसतानाही नुसत्या योगायोगाने बेरीज याच्या वर जाते, पण शंभरात फार तर पाच वेळा. २६ च्या वर जायची शक्यता तर दहा लाखांत एकाहूनही कमी! म्हणजे शंकेखोराने आता गप्प बसावं.

पण जपून हं! ही कसोटी ‘संबंध आहे’ एवढंच सांगते, ‘कारण हेच’ असं सांगत नाही. समजा, उकळलेलं पाणी पिणाऱ्या मुलांच्या घरी हातही साबणाने धुतले जात असतील, तर श्रेय नेमकं कुणाचं? उंढेऱ्यात एकाच घरात दोन्ही गट होते, म्हणून लशीवर विश्वास ठेवता आला. आणखी एक : अपेक्षित संख्या पाचपेक्षा कमी येत असेल, तर ही कसोटी लावू नये. जास्त मुलांना विचारावं.

मग करता ना सुरुवात? वर्गातल्या मुलांना दोनच प्रश्न विचारा : “पाणी उकळून पितोस का? या महिन्यात पोट बिघडलं होतं का?” चार चौकोन आखा, आकडे भरा आणि आईबाबांना जवळ बसवून गणित सोडवा. यापुढे घरात कुणी “अमुक केलं की तमुक होतं” म्हणालं, की हळूच विचारा, “चार चौकोनांचे आकडे आहेत का?”