एक टेबल, तीन वह्या

जुलै २०२२ मध्ये आम्ही पुण्याहून जर्मनीला निघालो, तेव्हा सामानाकडे बघून सासूबाई म्हणाल्या होत्या, ‘‘अगं, तिकडे पुस्तकं मिळत नाहीत का?’’ मिळतात की! पण आमच्या त्या दोन खोक्यांत नुसती पुस्तकं नव्हती, माझी दोन वर्षांची मेहनत होती. बालभारतीची पुस्तकं, एनसीईआरटीचं गणित, मोजायचे मणी, अक्षरांचे ठोकळे आणि तीन मुलांसाठी मी हाताने आखलेली तीन वेळापत्रकं.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि बहुतेक घरांसारखी आमच्याही घराची शाळा झाली. तेव्हा थोरली नऊ वर्षांची, मधला सहाचा आणि धाकटी तीनची होती. मोबाइलवरचे तास मुलांना मानवेनात, म्हणून मीच शिकवायला बसले. जमतंय असं वाटलं आणि शाळा उघडल्यावरही आम्ही मुलांना घरीच ठेवलं. आपल्याकडे असं घरी शिकवणारी कुटुंबं थोडी असली तरी आहेत. मूल चौदा वर्षांचं झालं की एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, दहावीची परीक्षा देता येते. माझाही तोच बेत होता. नवऱ्याला डार्मस्टाटमध्ये नोकरी मिळाली तेव्हा मला वाटलं, बरंच झालं, आपली शाळा आपल्याबरोबरच येईल.

पण जर्मनीत ते चालत नाही, हे मला तिकिटं काढून झाल्यावर कळलं. इथे ‘शूलफ्लिश्ट’ आहे. म्हणजे मुलाने शिकणं सक्तीचं आहे एवढंच नाही, तर शाळेत जाऊन शिकणं सक्तीचं आहे. १९१९च्या वायमार राज्यघटनेत शाळेची सक्ती आली, १९३८च्या कायद्याने ती देशभर एकसारखी आणि कडक केली, आणि युद्धानंतर प्रत्येक राज्याने आपापल्या कायद्यात ती कायम ठेवली. शेजारच्या ऑस्ट्रियात घरी शिकवून वर्षाअखेरीला मुलाची परीक्षा देता येते. इथे मात्र आजारपणासारखं कारण असेल तरच सूट मिळते.

शेजारणीने मला आमच्याच भागातली एक गोष्ट सांगितली. डार्मस्टाटजवळच्या वुंडरलिश कुटुंबाने चार मुलांना शाळेत घालायला नकार दिला होता. ऑगस्ट २०१३ मध्ये पोलिसांसह अधिकारी घरी आले आणि चारही मुलांना घेऊन गेले. मुलं शाळेत जातील असं आई-वडिलांनी कबूल केल्यावर सुमारे तीन आठवड्यांनी ती घरी परतली. हे प्रकरण युरोपियन मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेलं आणि जानेवारी २०१९ मध्ये निकाल जर्मनीच्या बाजूने लागला. न्यायालयांचं म्हणणं साधारण असं, की मुलांनी वेगळ्या घरांतल्या, वेगळ्या विचारांच्या मुलांबरोबर वाढावं आणि समाजात बंद कप्पे तयार होऊ नयेत. आपल्या मंडळींना तिकीट स्वस्त मिळतं म्हणून सुट्टीच्या दोन दिवस आधीच भारतात निघायची सवय असते. त्यांच्यासाठी सांगते, २०१८ मध्ये बव्हेरियातल्या मेमिंगन विमानतळावर पोलिसांनी सुट्टीआधीच निघालेल्या कुटुंबांना गाठून शाळांकडे चौकशी केली होती!

मला राग आला. माझ्या मुलांना माझ्यापेक्षा जास्त कोण ओळखणार? पण इलाज नव्हता. खोके तळघरात गेले. थोरली नव्याने जर्मन शिकणाऱ्या मुलांच्या वर्गात, म्हणजे ‘इंटेन्सिव्हक्लास’मध्ये बसली, मधला प्राथमिक शाळेच्या दुसरीत आणि धाकटी बालवाडीत.

वर्षभरात घरातली भाषा बदलली. तिघं आपापसात जर्मनमध्ये भांडायला लागली. रविवारी सासूबाईंचा साताऱ्याहून व्हिडिओ कॉल आला, की धाकटी तीन शब्द मराठी आणि पाच शब्द जर्मन बोलायची. सासूबाई हसत ऐकायच्या आणि नंतर मला हळूच विचारायच्या, ‘‘काय म्हणत होती गं ती?’’ एकदा त्या म्हणाल्या, ‘‘पोरं दिसतात छान, पण काचेच्या पलीकडची वाटतात.’’ ते मला लागलं. त्याच आठवड्यात मी तळघरातून खोके वर आणले. गणित-विज्ञान शाळेचं, मराठी माझी. आमच्या हेसन राज्यात सरकारतर्फे काही मातृभाषांचे वर्ग चालतात, तुर्की, इटालियन, अरबी वगैरे. त्यात मराठी नाही. म्हणजे हा विषय घरीच शिकवायचा, आणि त्याला कायद्याची आडकाठी नाही.

पहिल्या शनिवारी मी तिघांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि पहिलीचं एकच पुस्तक मध्ये ठेवलं. दहा मिनिटांत थोरली कंटाळली, मधला रडकुंडीला आला आणि धाकटी टेबलाखाली गेली. पुढच्या वेळी मी वयाप्रमाणे पुस्तकं दिली, बाराव्या वर्षाला सातवीचं, नवव्या वर्षाला चौथीचं. तेही फसलं. बालभारतीचं पुस्तक चांगलंच आहे, पण ज्या मुलाच्या कानावर दिवसभर मराठी पडते त्याच्यासाठी ते लिहिलेलं असतं. आमच्या मुलांच्या कानावर मराठी पडते ती फक्त आई-बाबांची, तीही ‘जेवायला चला’ आणि ‘दिवा बंद कर’ एवढीच.

मग शोधाशोध केली. पहिला शोध ‘सुलभभारती’चा. महाराष्ट्रातल्या इंग्रजी, हिंदी वगैरे माध्यमांच्या शाळांसाठी मराठीची ही वेगळी पुस्तकं आहेत. मी स्वतः मराठी माध्यमात शिकलेली, त्यामुळे ती कधी हातातच घेतली नव्हती. बालभारतीच्या संकेतस्थळावरून ती फुकट उतरवून घेता येतात. दुसरा शोध अमेरिकेतल्या मराठी शाळांचा. तिथल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाने भारती विद्यापीठाच्या सहकार्याने परदेशात वाढणाऱ्या मुलांसाठी पायरीपायरीचा अभ्यासक्रम केला आहे. त्यात मूल कितवीत आहे यापेक्षा त्याला मराठी किती येते, हे आधी बघतात. मला हवी असलेली दिशा मिळाली.

तरीही कोणाला काय द्यायचं, हे मला पुस्तकांनी नाही, मधल्याच्या बाईंनी शिकवलं.

तो तिसरीत होता. बाईंनी मला बोलावलं. वाचायला तो फार मागे होता. जर्मन नवीन आहे म्हणून असेल, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, ‘‘असू शकेल. पण तुमच्या भाषेत तो कसा वाचतो? त्या भाषेतली त्याची वही आहे का?’’ मी घरी येऊन खोक्यातली पुण्याची वही काढली. आठ वर्षांच्या मुलाची वही. काना गायब, मात्रा गायब. ‘किती’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी कधी अक्षराच्या मागे, कधी पुढे. एकाच पानावर ‘घर’ तीन तऱ्हांनी लिहिलेलं. आणि प्रत्येक पानाखाली माझ्या लाल शाईतले शेरे: ‘लक्ष नाही’, ‘आळस’, ‘पुन्हा लिही’.

ती वही मी बाईंना नेऊन दाखवली. त्यांना देवनागरी येत नव्हती, म्हणून बरोबर शब्द शेजारी लिहून दिले. त्यांनी खूप वेळ पानं उलटली. अडचण फक्त नव्या भाषेत असती तर गोष्ट वेगळी, दोन्ही भाषांत तशीच दिसते म्हणजे तपासून घ्यायला हवं, असं त्यांनी सांगितलं. तपासणी झाली. त्याला डिस्लेक्सिया आहे, इथे त्याला ‘लेगास्थेनी’ म्हणतात. आता शाळेत त्याला जास्त वेळ मिळतो, शुद्धलेखनाच्या चुकांसाठी गुण तसे कापत नाहीत, आणि आठवड्याला वेगळा तास असतो.

त्या रात्री मला झोप आली नाही. दोन वर्षं मी त्याच्या शेजारी बसून शिकवलं होतं, आणि मला ते दिसलं नव्हतं. ज्या कायद्यावर मी चिडले होते, त्यानेच माझ्या मुलाला अशा माणसासमोर बसवलं, जिने दरवर्षी वीस-पंचवीस मुलं वाचायला शिकताना पाहिली होती. मी फक्त तीन पाहिली होती. त्या कायद्यातलं सगळंच मला पटतं असं नाही, आणि पोलिसांनी मुलं नेल्याचं ऐकून आजही पोटात गोळा येतो. पण ‘मुलांना आईच सगळ्यांत जास्त ओळखते’ हे वाक्य मी आता छातीठोकपणे म्हणत नाही.

यानंतर मी प्रत्येक मुलासाठी एका कागदावर चार रकाने आखले: कळतं किती, बोलता येतं किती, वाचता येतं किती, लिहिता येतं किती. तिघांचे कागद तीन तऱ्हेचे निघाले. थोरलीचं वाचन पक्कं, बोलणं मात्र आटत चाललेलं. तिला मी पाठ्यपुस्तक देणंच बंद केलं. ती आठवड्याला ई-पेपरमधली एक बातमी निवडते आणि जेवताना बाबांना मराठीत सांगते. मधल्याला सगळं कळतं, बोलायलाही आवडतं. त्याचं लिहिणं वर्षभर बाजूला ठेवलं. आधी ऐकायचं, सांगायचं, मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून आजीला पाठवायचा. मग ताटात रवा पसरून बोटाने आठवड्याला दोनच अक्षरं. धाकटी इथे पहिलीत गेली तेव्हा इथल्या रिवाजाप्रमाणे तिला खाऊ भरलेला मोठा कागदी शंकू दिला, ‘शुलट्युटे’. चॉकलेटांमध्ये मी चिक्कीही ठेवली होती. ती अक्षरं आधी जर्मन शिकली. तिला सुलभभारतीचं पहिलीचं पुस्तक बरोबर बसलं.

तिघांचं काम वेगळं, पण सुरुवात एकत्र असते. रविवारी आजी एक गोष्ट सांगते, साताऱ्यातली, तिच्या लहानपणची. मग थोरली ती लिहून काढते, मधला आपल्या शब्दांत पुन्हा सांगतो, धाकटी चित्र काढून त्याखाली तीन शब्द लिहिते. प्रत्येकी वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. जेव्हा जेव्हा मी ताणलं, तेव्हा पुढचा रविवार बिघडला.

गेल्या दिवाळीला सासूबाईंनी पाठवलेल्या फराळाच्या डब्यात एक चिठ्ठी होती. चार ओळी, मोठ्या अक्षरांत, मुद्दाम सुट्या लिहिलेल्या. मधला म्हणाला, ‘‘मी वाचतो.’’ व्हिडिओ कॉल सुरू होता. तो बोट ठेवून एकेक अक्षर वाचत होता, अडत होता, मागे जात होता. थोरली शब्द सांगायला पुढे झाली, तर साताऱ्याहून आवाज आला, ‘‘थांब गं, वाचू दे त्याला.’’ चार ओळींना सात मिनिटं लागली. शेवटची ओळ होती, ‘लाडू आधी तू खा’. त्याने ते अगदी शब्दशः पाळलं.

नव्याने इकडे येणारे आई-बाबा मला विचारतात, मुलांसाठी कोणती पुस्तकं आणू? मी सांगते, पुस्तकं इथे बसून उतरवून घेता येतील. बॅगेत मुलाची जुनी मराठी वही आणा, चुकांसकट. आणि शाळेत बाईंनी विचारलं नाही, तरी ती त्यांना दाखवा.