ग्रामीण रुग्णांचा अनुभव आणि आरोग्य उपकेंद्राचे दार

शासकीय उपकेंद्रात जवळजवळ विनामूल्य औषधोपचाराची सोय असताना ग्रामस्थ पैसे मोजून खाजगी डॉक्टरकडे का जातात, हा प्रश्न जुनाच आहे. अज्ञान व अंधश्रद्धा हे त्याचे उत्तरही बहुधा तयारच असते. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात झालेल्या एका पाहणीने मात्र ते अपुरे ठरविले.

सन २००२-०३ मध्ये अभिजित बॅनर्जी, अँगस डीटन व एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी सेवा मंदिर आदी स्थानिक संस्थांच्या साहाय्याने शंभर वाड्यावस्त्यांतील हजारावर कुटुंबांची माहिती गोळा केली. त्याचबरोबर पाहणी करणारे कार्यकर्ते वर्षभर दर आठवड्यास उपकेंद्रांवर जाऊन येत. कामकाजाच्या वेळेतही ५६ टक्के भेटींत दार बंद आढळले. परिचारिका गावभेटीस गेली असेल असे म्हणावे, तर अशा प्रसंगी केवळ १२ टक्के वेळा ती आपल्या क्षेत्रातील गावांत सापडली. केंद्र अमुक वारी उघडे असते, असाही नेम नव्हता. तापाने फणफणलेले मूल कडेवर घेऊन डोंगरवाट तुडवीत आलेल्या आईला दोनदा कुलूप दिसले, म्हणजे तिसऱ्या खेपेस ती कोठे जाईल हे सांगावयास नको.

परिणामी उपचारासाठी झालेल्या भेटींपैकी एकचतुर्थांशाहूनही कमी भेटी शासकीय केंद्रांच्या वाट्याला आल्या. कुटुंबाच्या खर्चातील सरासरी ७ टक्के रक्कम आरोग्यावर जात होती. स्वतःस डॉक्टर म्हणविणाऱ्या खाजगी व्यावसायिकांपैकी ४१ टक्के लोकांकडे वैद्यकीय पदवीच नव्हती. त्यांच्याकडील भेटींपैकी ६८ टक्के भेटींत इंजेक्शन दिले जाई. शासकीय केंद्रांत हे प्रमाण ३२ टक्के होते.

तरीही खाजगी उपचारानंतर बरे वाटले, असे ८१ टक्के रुग्णांनी सांगितले; शासकीय केंद्राबाबत तसे सांगणारे ७५ टक्के होते. येथे अभ्यासकाने सावध राहावयास हवे. दार बंद होते, किती वेळ थांबावे लागले, कोणी कसे बोलले, याविषयी रुग्णासारखा साक्षीदार नाही. परंतु टोचलेली सुई आवश्यक होती काय, हे त्याच्या समाधानावरून ठरत नाही.

याच जिल्ह्यात सेवा मंदिराने २००४ ते २००७ या काळात लसीकरणाची शिबिरे घेतली. दरमहा ठरलेल्या दिवशी शिबिर भरणारच, ही हमी होती. काही गावांत प्रत्येक लसीमागे एक किलो डाळ व सर्व लसी पूर्ण झाल्यावर जेवणाची ताटेही देण्यात आली. शिबिरे न झालेल्या गावांत ६ टक्के बालकांचे लसीकरण पूर्ण झाले होते. केवळ नियमित शिबिरांमुळे हे प्रमाण १८ टक्क्यांवर व डाळीची जोड मिळताच ३९ टक्क्यांवर गेले. डाळीचा खर्च धरूनही पूर्ण लसीकरण झालेल्या प्रत्येक बालकामागील खर्च नुसत्या शिबिरांच्या सुमारे निम्माच आला. कारण परिचारिकेचा दिवस तोच, पण मुले अधिक येत.