मुतखडा फोडणारे बुडबुडे

पिस्तूल कोळंबी जेमतेम बोटाएवढी, पण तिने नांगी झटक्यात मिटली की सेकंदाला सुमारे २५ मीटर वेगाने पाणी उसळतं आणि त्यात बुडबुडा तयार होतो. ‘टक्’ आवाज नांगीचा नाही, बुडबुडा कोसळल्याचा, हे २००० साली कळलं. पुढच्याच वर्षी त्या क्षणी उजेडही चमकतो आणि आतलं तापमान किमान ५,००० केल्विन असतं, हे दिसलं! कोसळताना निघालेल्या धक्कालहरीने जवळचं भक्ष्य जागीच गारद. मग कोळंबीचा स्वतःचा मेंदू कसा वाचतो? डोळ्यांवरच्या पारदर्शक कवचामुळे. प्रयोगात ते काढलं, तर धक्कालहरीने बिचारी भेलकांडली.

नुसती धक्कालहर पेशीतून बहुधा आरपार निघून जाते, कारण पेशीत मुख्यतः पाणीच. हवा आली की गणित बिघडतं, म्हणून फुप्फुस फार नाजूक. लहरीच्या मागच्या भागात दाब एकदम घटतो, बुडबुडे फुगतात आणि मग कोसळतात. शेजारी टणक पृष्ठभाग असेल तर बुडबुडा एका बाजूने खचतो आणि पाण्याची बारीक धार थेट त्यावर आदळते.

धक्कालहरींनी मुतखडा फोडण्याच्या उपचारात हीच धार हातभार लावते. ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकमध्ये पहिल्या रुग्णावर हा उपचार झाला, तोही पाण्याच्या टबात बसवून. यंत्र बनवणारी डॉर्निए कंपनी विमानांची! मला सर्वांत आवडलेली गंमत अशी: मिनिटाला १२० ठोक्यांपेक्षा ६० ठोक्यांनी खडा जास्त चांगला फुटतो. घाई केली तर आधीच्या ठोक्याचे उरलेले बुडबुडे पुढच्या लहरीची वाट अडवतात.

अल्ट्रासाउंडने सूक्ष्म बुडबुडे हलकेच थरथरवले, तर पेशीच्या पटलाला इवलंसं भोक पडतं. त्यातून औषध किंवा जनुक आत सोडता येतं आणि पेशी ते भोक काही सेकंदांत ते मिनिटांत स्वतःच बुजवते. किती विलक्षण! जोर वाढवला तर मात्र पेशीचा चोथा होतो. यकृतातल्या गाठींवर अशा ‘हिस्टोट्रिप्सी’ला अमेरिकेत ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ना सुरी, ना चटका, आणि चिवट तंतूंच्या मोठ्या रक्तवाहिन्या बहुधा शाबूत राहतात.

मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्या मात्र तेवढ्या चिवट नसतात. म्हणून खडा फोडल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर होऊ शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर उपचाराआधी डॉक्टरांना आवर्जून सांगा.