पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावरची मोटार

जुनी मोटार विकणाऱ्याला तिच्याविषयी जेवढे ठाऊक असते तेवढे घेणाऱ्याला क्वचितच कळते, आणि या एका विषमतेतून सेकंड हँड गाड्यांच्या बाजाराचे बहुतेक दोष निर्माण होतात. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी 1970 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात याच बाजाराचे उदाहरण घेऊन असे दाखवले की, चांगली आणि सदोष गाडी ओळखता येत नसल्यामुळे खरेदीदार सरासरीइतकीच किंमत देऊ करतो, त्या किमतीला चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही आणि परिणामी बाजारात सदोष गाड्यांचे प्रमाण वाढत जाते. आधी तीन नियतकालिकांनी परत पाठवलेल्या या निबंधातील विचारासाठी त्यांना 2001 मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. गाडी पाहायला जाणाऱ्या सामान्य ग्राहकाने मात्र एवढेच ठरवायचे असते की, दिसलेला दोष पुढे पैसे खर्चून दूर होण्यासारखा आहे की नाही.

पहिली न बदलणारी गोष्ट म्हणजे गाडीचे वय. मोटार वाहन कायदा, 1988 नुसार खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते आणि त्यानंतर आरटीओकडून तपासणी करून घेऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. बोलीभाषेत यालाच पुन्हा पासिंग करणे म्हणतात. या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल 2022 मध्ये 600 रुपयांवरून 5,000 रुपये झाले, तर वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते ऑगस्ट 2025 मध्ये 10,000 रुपये करण्यात आले. महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर वेगळा द्यावा लागतो. त्यामुळे तेरा वर्षांची गाडी दहा वर्षांच्या गाडीपेक्षा किती स्वस्त आहे, एवढाच हिशेब पुरत नाही. दिल्लीच्या गाड्यांचे आकर्षणही असेच तपासून घ्यावे. तेथे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये कायम ठेवल्याने अनेक धडधाकट गाड्या कमी किमतीत बाहेर पडल्या. 2025 मध्ये न्यायालयानेच या आदेशाची धार कमी केली असली तरी, अशी गाडी महाराष्ट्रात कायमची आणायची तर मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि येथील कर यांचा खर्च स्वस्ताईतून वजा करावा लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे गाडीचा सांगाडा, आणि खरेदीदार नेमके याकडे सर्वांत कमी लक्ष देतो. बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकण्याची हौस सर्वांना असते. पण इंजिन उतरवून दुरुस्त करता येते, प्रसंगी बदलताही येते. आजच्या बहुतेक मोटारींना ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते, तर खांब, तळ आणि छत यांचा एकसंध जोडलेला पत्र्याचा कोश संपूर्ण भार पेलतो. हा कोश अपघातात एकदा वाकला की तो पूर्वीसारखा सरळ करणे फार कठीण होते. म्हणून दरवाजांचे रबर थोडे सोडवून खांबांवरचे कारखान्यातील स्पॉट वेल्डिंगचे समान अंतरावरचे ठिपके शाबूत आहेत का, बॉनेटखालील बोल्टवर पान्याच्या खुणा आहेत का आणि दरवाजांमधल्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, हे पाहावे. पोचा भरण्यासाठी वापरलेली लांबी चुंबकाने ओळखता येते, कारण तिच्या जाड थरावर चुंबक नीट चिकटत नाही. अर्थात दरवाजावरची थोडी लांबी हा काही मोठा गुन्हा नव्हे. खांबावरची लांबी मात्र सौदा सोडून देण्यास पुरेशी आहे.

कोकण आणि गोव्याच्या खाऱ्या हवेत वाढलेल्या गाडीचा गंज बाहेरून दिसत नाही. तो दरवाजाखालच्या पट्टीत, चाकांच्या कमानीत आणि डिकीतील स्टेपनीखाली शोधावा लागतो. पुरात बुडालेली गाडी त्याहून धोकादायक असते, कारण वायरिंगच्या जोडांत शिरलेले पाणी कित्येक महिन्यांनी दोष दाखवू लागते. सांगली-कोल्हापूरचा 2019 चा किंवा महाड-चिपळूणचा 2021 चा पूर आठवला, तर ही शंका अवास्तव वाटणार नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढल्यास त्यावर गढूळ पाण्याची रेघ दिसू शकते. सीटच्या रुळांवरचा गंज आणि गालिच्याखालची वाळलेली माती हेही तेच सांगतात.

इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ कळते: धुराची निळी छटा ऑइल जळत असल्याचे सुचवते, तर गरम झाल्यावरही न थांबणारा दाट पांढरा धूर शीतक द्रव ज्वलनकक्षात शिरत असल्याचे. किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा सर्व्हिसच्या नोंदी आणि झिजलेले पेडल पाहणे बरे, कारण हा आकडा मागे फिरवून देणारे कारागीर बाजारात आहेत.

कागदपत्रांत आरसीवरील चेसिस क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकाशी जुळतो का, कर्जाचा बोजा उतरला आहे का आणि दंडाची चलने थकलेली आहेत का, हे आधी पाहावे. हस्तांतरासाठी नमुना 29 आणि नमुना 30 भरावे लागतात. 30 चा अर्ज खरेदीदाराने तीस दिवसांत देणे अपेक्षित असते. विकणाऱ्यासाठीही ही घाई महत्त्वाची आहे, कारण नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये अपघाताच्या भरपाईच्या संदर्भात स्पष्ट केले आहे. विमाही स्वतःच्या नावावर करून घ्यावा लागतो. विकणाऱ्याने कमावलेली दावामुक्त सवलत मात्र त्याच्याकडेच राहते.

किमतीबाबत एक सोय आणि एक गैरसोय आहे. विम्यासाठी गाडीचे मूल्य पाच वर्षांपर्यंत ठरलेल्या टक्क्यांनी घटते, पण त्यापुढे ते परस्पर संमतीने ठरते. म्हणजे दहा-बारा वर्षांच्या गाडीला अधिकृत असा भावच नसतो आणि घासाघिशीला पूर्ण वाव राहतो. मागितलेल्या रकमेत चार टायर, बॅटरी, क्लच आणि टायमिंग बेल्ट यांचा पहिल्या वर्षातील संभाव्य खर्च मिळवूनच बोली करावी, आणि त्यासाठी स्वतःच्या विश्वासातील मेकॅनिककडे गाडी रॅम्पवर चढवण्याची अट घालावी. ही अट नाकारणाऱ्या विक्रेत्याकडून कितीही स्वस्त मिळाली तरी गाडी घेऊ नये.

सुरक्षेचा प्रश्न याहून वेगळा आहे. अचानक ब्रेक लावल्यावर चाके जागीच अडकू न देणारी एबीएस यंत्रणा सर्व नव्या मोटारींना एप्रिल 2019 पासून, तर चालकासाठी एअरबॅग जुलै 2019 पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या अनेक स्वस्त गाड्यांच्या बेस मॉडेलमध्ये दोन्ही नाहीत आणि त्या नंतर विश्वासार्हपणे बसवूनही घेता येत नाहीत. गावातल्या गावात बाजारहाट आणि शाळा एवढाच वापर असणाऱ्या कुटुंबाला अशी गाडी चालू शकते. दर आठवड्याला द्रुतगती मार्गाने जाणाऱ्याने त्याच मॉडेलची, पण दोन्ही सोयी असलेली वरची आवृत्ती शोधावी, मग त्यासाठी वीस-तीस हजार जास्त मोजावे लागले तरी हरकत नाही.